छत खालून बघायचं

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही म्हणालात, "भिंगरे, एवढी गावं पालथी घालतेस, तर चोर नसलेला कंत्राटदार कसा ओळखायचा एवढं तरी कुणाला तरी विचारून सांग." आणि फोन ठेवता ठेवता म्हणालात, "त्याचं नाव सोडून बोल." म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही "बरं बरं" करून ठेवून देता. कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, मग तो पुडी बांधून आलेला का असेना. ताई सांगत होती की बाथरूमची फरशी आता पायाखाली पोकळ वाजते, आणि तुम्ही भिंतीला हात लावत लावत आत जाता. अल्बम घेऊन फिरणारा तो एक गृहस्थ तुम्हाला पसंत पडलाय, आणि येत्या पहिल्या तारखेला त्याच्या हातात घराची चावी ठेवून तुम्ही आत्याकडे राहायला जाणार आहात. मागच्या वेळीही असंच केलं होतंत. "दुसऱ्यांदा फसलो तर तिसऱ्यांदा उभं राहायची ताकद माझ्यात नाही," असं तुम्ही तिला म्हणालात म्हणे. ते ऐकल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. म्हणजे तसं ते कधीच नसतं, पण या वेळी कारण आहे.

तर मी सध्या एका शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे राहते. आधी एका रोपवाटिकेत पाणी घालायला होते, तिथून मला काढलं. गिऱ्हाईक गुलाब मागायला आलं तर मी त्याला निवडुंगाचे फायदे सांगत बसायचे. असो. मावशींची मागची खोली मिळाली, बदल्यात तयार कपडे घरोघर पोचवायचे. मावशींच्या गळ्यात सदा टेप, तोंडात टाचण्या, आणि त्या टाचण्या सांभाळूनही तोंडाचा पट्टा चालूच. घर दुसऱ्या मजल्यावर. खाली राहतात एक एकटे काका, मावशींचे जन्माचे वैरी. कारण मावशींच्या बाथरूमचं पाणी काकांच्या छतातून ठिबकतं. इकडे यांनी नळ सोडला की तिकडून काका झाडूच्या दांड्याने छत ठोकणार. जिन्यात गाठ पडली की म्हणणार, "तुमची अंघोळ संपली की माझी सुरू होते हो!" मावशी म्हणणार, "मग साबणही पाठवू का?" बिचाऱ्या काकांची कॉट खोलीभर फिरतीवर असायची. जिथे कोरडं, तिथे मुक्काम. मला ते फार ओळखीचं वाटलं. मीही तशीच झोपते.

शेवटी मावशींनी बाथरूम खणून नवं करायचं ठरवलं आणि कंत्राटदार बघायला सुरुवात केली. बाबा, इथून पुढे नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पहिला आला तो इतका गोड बोलणारा की चहात साखर घालायची गरज नव्हती. मावशींना ताई, मला बहीण, काकांना देवमाणूस. म्हणाला, "माझं काम बघायचंय? चला, आत्ता दाखवतो." खरंच नेलं. काय ते बाथरूम! टाइल्स अशा चकचकीत की मी त्यात माझा भांग पाहून सरळ केला. घराच्या मालकीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. मी मनात म्हटलं, झालं, ठरलं. बाहेर पडल्यावर कंत्राटदार गाडीला किक मारून गेला, आणि मावशी जिना उतरता उतरता मध्येच थांबल्या. खालच्या घराची बेल वाजवली. मी म्हटलं, "मावशी, हे ते घर नाही." त्या म्हणाल्या, "हेच ते घर. शिवण कधी सुलटीकडून बघतात का गं? सुलटीकडून सगळेच कपडे छान दिसतात."

दार उघडलं ते एका बाईंनी. वरच्या मजल्यावरून उतरलेल्या दोघी बघून त्यांना वाटलं आम्ही वरच्यांच्या नातेवाईक. "आलात? या, या! तुमचीच वाट बघत होते इतके महिने!" असं म्हणून त्यांनी आम्हाला हाताला धरून आत ओढलं. न्हाणीघराच्या छताला एक उघडी छत्री उलटी टांगली होती, दांडा वर, कापड खाली, आणि त्यात पाणी साठलं होतं. "माझ्या घरात पावसाळा बाराही महिने," त्या म्हणाल्या. मावशींनी आम्ही कोण ते सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण त्या बाईंना भांडण इतक्या दिवसांचं साठलं होतं की मावशी गप्प राहून ऐकत बसल्या. निघताना तर "बरोबर आहे तुमचं, आम्ही बोलतो वरच्यांशी," असंही कबूल करून आल्या. जिन्यात आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण बाबा, घरी येईपर्यंत माझं हसू विरलं होतं. एकाच स्लॅबच्या वर तो आरसा आणि खाली ती छत्री. मधे फक्त वीतभर सिमेंट. माणूस वर उभा राहून आयुष्यभर खूश राहू शकतो, नाही का?

दुसरा कंत्राटदार शहाणा होता. त्याचा कागद टाइप केलेला, बोलणं मोजकं, बूट दाराबाहेर काढून ठेवले. मावशींनी सांगितलं, "मला खालच्यांना भेटायचंय." तो म्हणाला, "जरूर, कुणालाही भेटा," आणि चार घरांचे पत्ते दिले. आम्ही उन्हातान्हातून चारही घरं पालथी घातली. चारही तळमजल्यावर! खाली कुणी नाहीच. चौथ्या घराबाहेर मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जमिनीला तक्रार करता येत नाही ना, म्हणून तिच्या डोक्यावर काम करतो मेला." आता तुम्ही म्हणाल, ही पोरगी मुद्द्यावर येत नाही. आले, आले. तुमच्या त्या अल्बमवाल्याला एवढंच विचारा, की या फोटोतल्या घरांच्या खाली कोण राहतं. आणि तो बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

तिसऱ्याचं नाव मी सुचवलं. गावात कपडे पोचवताना माणसं कळतात. "ऐकलंय की बरा आहे," एवढंच मावशींना सांगितलं. जास्त काही सांगितलं नाही. तो आला. वर आलाच नाही! आम्ही दार उघडं टाकून बसलो, चहा निवला, आणि मावशी "हा काय जिन्यात हरवला का" म्हणून डोकावतात तर खालून काकांचा आवाज. हा आधी काकांकडे गेला होता. त्यांच्या कॉटवर चढून छताला हात लावून बघत होता, आणि काका इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं छत बघायला आलं म्हणून हरखून त्याला डागांचा इतिहास सांगत होते. मग वर आला तो सरळ म्हणाला, "मी स्वस्त नाही आणि लवकरही करत नाही. घाई असेल तर दुसरा बघा." मावशी म्हणाल्या, "अगंबाई, मिजास बघा!" तो हसला नाही. म्हणाला, "आणि चावी मला द्यायची नाही. तुम्ही घरात असतानाच काम होईल. प्रत्येक थर झाकायच्या आधी तुम्हाला हाक मारणार. तुम्ही बघितल्याशिवाय मी झाकणार नाही, आणि तुम्हाला कंटाळा आला तरी बघावं लागेल."

मावशींनी नेहमीचा प्रश्न टाकला, कुणाचं छत बघू? त्यावर त्याने स्वतःहून एक असं घर सांगितलं जिथे त्याचं काम बिघडलं होतं. "आधी तिथे जा," म्हणाला. असा माणूस मी तरी पाहिला नव्हता. आम्ही गेलो. खालच्या घरात एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "हो, गळलं होतं की. एका कोपऱ्यात. मी बोलावलं तर दुसऱ्या दिवशी हजर. वरची नवीकोरी फरशी स्वतःच्या हाताने फोडली आणि परत केली. अहो, बोलावल्यावर येणारे पुष्कळ असतात. काम झाल्यावर बोलावलं तर परत येणारा हा एकच बघितला." मावशींनी मान वर करून ते छत बराच वेळ पाहिलं, कुठल्याशा कापडाचा पोत बघावा तसं. जिना उतरता उतरता म्हणाल्या, "लागू दे याला कामाला."

काम सुरू झालं. जुनी फरशी उचलली तेव्हा त्याने आम्हाला हाक मारली. मी वाकून पाहिलं. फरशीखाली नीट भर असेल असं वाटलं होतं. तिथे फुटक्या कपबश्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गुंडाळून कोंबलेल्या, विड्यांची थोटकं, आणि एक अख्खी चप्पल! पाइपच्या जोडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दोरी बांधलेली. मावशी इतकी वर्षं याच्यावर उभ्या राहून अंघोळ करत होत्या. त्याने ते सगळं एका वर्तमानपत्रावर मांडलं, आणि मावशी मनसोक्त शिव्या देऊन होईपर्यंत टाकलं नाही. मला मात्र शिव्या सुचेनात. मी त्या चपलेकडेच बघत राहिले. ती घालणारा एका पायाने घरी कसा गेला असेल? दुसरी कुणाच्या घरात पुरली असेल? आपण ज्याला घर म्हणतो त्याच्या पोटात काय काय असतं आणि आपण वरून पायपुसणं टाकून निर्धास्त, याचंच नवल करत मी त्या दिवशी तिघांचे कपडे चुकीच्या घरी देऊन आले.

मग त्याने नवे पाइप घातले, भर घातली, पाणी अडवणारा थर दिला, कोपरे बोटाने चाचपून पुन्हा दिला. टाइल्स येऊन जिन्यात पडल्या होत्या. आता लावायच्या, असं आम्हाला वाटलं. पण त्याने सांडपाण्याच्या जाळीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला आणि घोट्याइतकं पाणी भरून ठेवलं. म्हणाला, "आता दोन दिवस काही करायचं नाही. नुसतं बघायचं. पाण्याला वाट सापडणार असेल तर आत्ता सापडू दे." तोपर्यंत मावशी शेजारी अंघोळीला जाणार. बाबा, ते बाथरूम तुम्ही बघायला हवं होतं. करड्या सिमेंटवर ते पाणी इतकं स्थिर होतं, की वरच्या झरोक्यातलं आभाळ त्यात उतरलं होतं. एक कबूतर झरोक्यात येऊन बसलं तर पाण्यातही बसलं. मी कामं सोडून दारात बसून राहायचे. मी एका जागी बसले, बाबा! आणि हे सगळं पाणी खाली जायला टपलेलं आहे, त्याला दुसरं कामच नाही, आणि एका माणसाच्या हाताने दिलेला पातळसा थर त्याला "नाही" म्हणतोय, हे मनात आलं की मला तिथून उठवतच नसे. मावशीही मशीन थांबवून यायच्या आणि देवळात बोलावं तशा हळू बोलायच्या.

तिसऱ्या दिवशी सगळे काकांकडे जमलो. काकांनी कॉट बाजूला ओढली. आम्ही चौघं माना वर करून उभे. छत म्हणजे काय, नुसतं छत; जुने डाग, पोपडे, मधोमध वायर. पण काका स्टुलावर चढले, आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात त्यांनी छताला लावला. इकडे लावला, तिकडे लावला. मग तिथूनच, स्टुलावरूनच, मावशींना म्हणाले, "कोरडं आहे हो." मावशी म्हणाल्या, "उतरा आता, पडाल," आणि त्यांना उतरायला स्वतःचा हात दिला. मी गावोगाव डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय, एकदा उल्का पडतानाही पाहिली. पण कोरड्या छताकडे डोळे लावून उभी असलेली ती माणसं पाहून मी जशी थक्क झाले तशी कधीच झाले नव्हते.

तुम्ही आत्तापर्यंत ओळखलंच असेल, बाबा. पत्र मिटू नका. हो, तिसरा म्हणजे दादा. मी या गावात हवेवर उडत आले नाही. ताईकडून पत्ता काढून आले. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि मावशींना तो माझा कोण हे सांगून कौल बिघडवायचा नव्हता. पहिल्या दिवशी दारात मला बघितल्यावर तो क्षणभर थांबला, घसा साफ केला, अगदी तुमच्यासारखा, आणि म्हणाला, "टेपचं टोक धर." जणू सकाळी एकत्र चहा घेऊन निघालो होतो. मी टोक धरलं. ज्या कंत्राटदाराने आपल्या बाथरूमचं वाटोळं केलं त्याला दादानेच घरी आणलं होतं, त्याच्याच हाताखाली तो शिकत होता, हे मी विसरले नाही. तुम्ही त्याला जिन्यात "तू त्यांच्यातलाच" म्हणालात आणि दार लावून घेतलंत, तेही. तेव्हा त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी त्याला एकदा विचारलं. त्याने ना हो म्हटलं ना नाही. म्हणाला, "टाइल लागल्यावर सगळं सारखंच दिसतं गं. मलाही तसंच दिसलं होतं." पुढे मी विचारलं नाही. मावशींना काम संपल्यावर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ आहे होय? मग आधी का नाही सांगितलंस, चहात आलं घातलं असतं!"

एवढंच असतं तर मी फोनवरच भांडले असते तुमच्याशी. पत्र लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात जे कळलं त्यामुळे. मावशींचा नाद लागला म्हणून मी ताईला म्हटलं, अगं, सहज खाली जाऊन आपल्या बाथरूमखालचं छत बघून ये. ती गेली. छत पांढरंशुभ्र. ताई चक्रावली, तर खालच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, तुमचा दादा येऊन करून जातो की! वर्षाकाठी एकदा तरी. बाबा वाचनालयात गेले की येतो, पोपडे खरवडतो, लिंपतो, रंग देतो आणि ते परत यायच्या आत जातो. तुम्हाला माहीत नव्हतं?" वहिनी सज्जन आहेत, इतक्या वर्षांत एका शब्दाने तक्रार नाही, असं तुम्ही आम्हाला कौतुकाने सांगत आलात. तुम्ही वाचनालयात बसून पेपर वाचत होतात, बाबा, आणि तो तुमच्या पायाखालचं छत धरून उभा होता. मी त्याला जाऊन विचारलं. तो थापी धूत होता. म्हणाला, "खालून कितीही लिंपलं तरी ती मलमपट्टीच. ओल वरून थांबवावी लागते. आणि वर मला..." धुतलेली थापी तो पुन्हा धूत बसला. त्याने मला लिहायला सांगितलेलं नाही. लिहिलंय हे त्याला ठाऊकही नाही. पहिल्या तारखेला चावी कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा, घर तुमचं आहे. पण त्याआधी एक मजला उतरून वहिनींची बेल वाजवा. चष्मा घेऊन जा. त्या चहाचा आग्रह करतील, नाही म्हणू नका. त्या आत गेल्या की मान वर करा, आणि पालथा हात पोचत असेल तर लावून बघा.

तुमच्या उत्तराची वाट बघत या वेळी खरोखर एका जागी बसलेली,
तुमचीच,
भिंगरी